मोजण्याची काठी आणि मारण्याची छडी

काही महिन्यांपूर्वी एका चर्चासत्राला आम्ही श्रोते म्हणून उपस्थित होतो. विषय मध्ययुगीन मराठी साहित्याच्या अभ्यासाचा होता. पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने छोटासा निबंध वाचला. जात्यावरच्या ओव्या आपण लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत शिकतो, त्या मध्ययुगीन कवितेच्या अभ्यासपत्रिकेत का नाहीत, एवढाच तिचा प्रश्न होता. तो मांडताना तिने इंग्रजी समीक्षेतला एक शब्द वापरला आणि त्याचा उच्चार ‘कॅनॉन’ असा केला. व्यासपीठावरील एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तिला थांबवले. “कॅनॉन म्हणजे काय, कॅमेरा का? शब्द कॅनन असा आहे, बाई,” असे ते म्हणाले. सभागृह हसले. तीही कसनुसे हसली. उरलेली दोन पाने तिने तो शब्द टाळत, चाचरत वाचली. निबंध संपला तेव्हा चहाची वेळ झाली होती. तिच्या प्रश्नाला उत्तर कोणीही दिले नाही.

हसणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे. प्रस्तुत लेख त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून लिहिलेला नाही. त्या दिवशी जे घडले ते आपल्या साहित्यविभागांत नित्य घडते आणि त्यामागे एक वैचारिक लबाडी आहे, असे आमचे म्हणणे आहे. उच्चाराची चूक दाखवणे हे अर्थाच्या चर्चेतून सुटण्याचे सर्वांत स्वस्त साधन झाले आहे. आणि ज्या शब्दावरून ती विद्यार्थिनी हास्यास्पद ठरली, नेमका तोच शब्द या लबाडीचा पंचनामा करायला सर्वाधिक उपयोगी आहे.

प्रथम उच्चाराचा हिशेब पुरा करू. इंग्रजीत या शब्दाचा आघात पहिल्या अवयवावर पडतो. दुसऱ्या अवयवातला स्वर त्यामुळे इतका क्षीण होतो की लेखनात ‘ओ’ असूनही कानाला तो जेमतेम ‘अ’सारखा लागतो. म्हणून देवनागरीत ‘कॅनन’ हे लेखन मूळ उच्चाराच्या जवळचे, यात वाद नाही. पण याच शब्दाचे विशेषण बोलताना आघात पुढे सरकतो आणि तेथे स्पष्ट ‘ऑ’ ऐकू येतो: ‘कनॉनिकल’. समीक्षाग्रंथांत हे विशेषण वारंवार येते. ज्या विद्यार्थ्याने विशेषण ऐकले आहे आणि नाम केवळ छापील पानावर पाहिले आहे, तो नामाचा उच्चार ‘कॅनॉन’ करील. त्यात अडाणीपणा नाही, तर्क आहे. इंग्रजीचे वर्णलेखन तर्काला दाद देत नाही, हा त्याचा अपराध कसा?

राहता राहिला कॅमेऱ्याचा विनोद. ज्या जपानी कंपनीचे नाव प्राध्यापकमहोदयांनी घेतले, तिच्या पहिल्या कॅमेऱ्याचे नाव १९३४ साली ‘क्वानॉन’ असे ठेवले गेले होते. बोधिसत्त्व अवलोकितेश्वराचे जपानी नाव ‘कान्नोन’, त्यावरून ते आले. पुढच्याच वर्षी त्याचे आजचे रूप व्यापारचिन्ह म्हणून पुढे आले, आणि जपानी माणूस आजही तो शब्द उच्चारताना अखेरीस स्वच्छ ‘नोन’ म्हणतो. म्हणजे ज्या उच्चाराचा आधार घेऊन विद्यार्थिनीची थट्टा झाली, तो ज्या भाषेतून आला त्या भाषेत ‘ओ’च आहे. अधिकारवाणीने केलेल्या विनोदाची ही अशी गत असते.

आता याच शब्दाच्या जुळ्या भावाकडे वळू. इंग्रजीत तोफेला जो शब्द आहे त्याचा उच्चारही ‘कॅनन’च. लिहिताना त्यात एक ‘न’ अधिक, कानाला फरक शून्य. हा फरकही पुष्कळ उशिरा स्थिरावला. १६२३ साली शेक्सपिअरच्या नाटकांची जी पहिली संकलित आवृत्ती निघाली, तीत हॅम्लेटच्या पहिल्या स्वगतात आत्महत्येविरुद्धच्या ईश्वरी नियमाचा उल्लेख आहे. तेथे हा शब्द चक्क दोन ‘न’ घालून, तोफेसारखा छापलेला आहे. आजच्या आवृत्त्यांत संपादक एक ‘न’ काढून टाकतात. ज्या नाटककाराला इंग्रजी साहित्याच्या प्रमाणसूचीत अग्रस्थान आहे, त्याच्याच छापील संहितेत ‘नियम’ आणि ‘तोफ’ यांचे लेखन एक असावे आणि आमच्याकडे एका स्वरावरून एका मुलीचा निबंध बुडावा, ही विसंगती कोणाला खटकू नये?

या दोन शब्दांचे सारखेपण केवळ योगायोगाचे नाही. दोघांचे मूळ एकच आहे: बोरू, वेत, पोकळ काडी. हिब्रूसारख्या सेमिटिक भाषांत वेतासाठी जो शब्द होता तो ग्रीक भाषेत ‘कान्ना’ झाला. सरळ वाढलेली काडी लांबी मोजायला सोयीची, म्हणून ‘कानोन’ म्हणजे मोजण्याची काठी, गवंडी-सुतारांची सरळ पट्टी, आणि पुढे नियम. तीच काडी पोकळही असते. म्हणून लॅटिनमधून इटालियन भाषेत मोठ्या नळीला जे नाव पडले ते तोफेला लागले. पाणी वाहून नेणारा कालवा, दोन डोंगरांमधली अरुंद दरी, ऊस आणि वेत यांना असलेला ‘केन’ हा शब्द, आणि शिक्षकाच्या हातातली छडी, ही सारी याच काडीची वंशावळ. आणि ‘वंश’ या आपल्या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? बांबू, वेळू. भाषा जगभर सारख्याच वस्तू हाताळतात आणि त्यांतूनच अमूर्त कल्पना उभ्या करतात.

या वंशावळीत आमच्या युक्तिवादाला पुरेसा असा एक साक्षीदार आहे. कालव्याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा उच्चार ‘कनॅल’ असा होतो. महाराष्ट्रात मात्र तो ‘कॅनॉल’ आहे. शेतकरी कॅनॉल म्हणतो, पाटबंधारे खात्यातला अभियंता कॅनॉल म्हणतो, पुण्यात कॅनॉल रोड आहे. या ‘ऑ’ला कोणीही हसलेले आम्ही ऐकले नाही. कॅनॉलचे पाणी उसाला पोचले की शब्दाचे काम झाले, हे तिथे सर्वांना कळते. ‘पलटण’, ‘काडतूस’, ‘इस्पितळ’ हे शब्द परक्या भाषांतून येताना असेच मोडून-वाकवून मराठीने आपले केले. मग ‘कॅनॉल’ चालतो आणि ‘कॅनॉन’ का चालत नाही? उत्तर ध्वनिशास्त्रात मिळणार नाही. कॅनॉल हा शेताचा शब्द आहे, कॅनन हा चर्चासत्राचा. शेतातल्या शब्दाने कोणाची प्रतिष्ठा ठरत नाही, चर्चासत्रातल्या शब्दाने ठरते. पहारा प्रतिष्ठेवर आहे, उच्चार हे निमित्त.

येथवर आलो की अर्थाचा प्रश्न अटळ होतो, आणि शुद्ध उच्चार करणाऱ्यांची खरी परीक्षा येथे आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात पॉलिक्लिटस या ग्रीक शिल्पकाराने मानवी देहाच्या प्रमाणांवर एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ‘कानोन’. ती प्रमाणे दाखवणारा एक पुतळाही त्याने घडवला आणि लोक त्या पुतळ्यालाच ‘कानोन’ म्हणू लागले. माप आणि मापलेली वस्तू यांची येथे पहिली अदलाबदल झाली. एका तरुण, निरोगी पुरुषदेहाचे माप सर्व देहांचे माप ठरले. पुढे ख्रिस्ती धर्मपरंपरेने हा शब्द पवित्र ग्रंथांच्या अधिकृत यादीसाठी घेतला. नव्या कराराचे सत्तावीस ग्रंथ कोणते, हे अलेक्झांड्रियाचे बिशप अथानेशियस यांनी ३६७ सालच्या आपल्या पत्रात सांगितले, आणि या यादीत भर घालू नये वा वजाबाकी करू नये असेही बजावले. साहित्याकडे हा शब्द यायला चौदा शतके लागली. डेव्हिड रुंकेन या विद्वानाने १७६८ साली प्राचीन ग्रीक लेखकांच्या निवडक याद्यांना हे नाव दिले. १९८८ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने पाश्चात्त्य संस्कृतीचा आपला सक्तीचा अभ्यासक्रम बदलला, १९९४ साली हॅरॉल्ड ब्लूम यांचे पाश्चात्त्य कॅननवरील पुस्तक आले, आणि हा शब्द जगभरच्या विद्यापीठांत रणशब्द झाला.

तेव्हा या एका शब्दात निदान तीन अर्थ नांदतात. पहिला, निकष किंवा मापदंड. दुसरा, त्या निकषावर उतरलेल्या ग्रंथांची यादी. तिसरा, एखाद्या लेखकाची म्हणून खात्रीलायक ठरलेली रचना. तुकारामांच्या गाथेत कोणते अभंग तुकारामांचे, हा प्रश्न या तिसऱ्या अर्थाचा आहे. मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत निघालेल्या आवृत्तीपासून अभ्यासक तो हाताळत आले आहेत. शेरलॉक होम्सचे चाहते चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा यांना ‘कॅनन’ म्हणतात, तेही याच अर्थाने, थोडे थट्टेत. हे तीन अर्थ वेगळे न ठेवता बोलणे हा आमच्या मते उच्चारदोषाहून कितीतरी मोठा दोष आहे, आणि तो करणारे बहुतेक जण ‘कॅनन’ असा निर्दोष उच्चार करतात. अमुक कवी श्रेष्ठ कशावरून, तर तो कॅननमध्ये आहे. कॅननमध्ये कशावरून, तर तो श्रेष्ठ आहे. यादीलाच मोजपट्टी केली की हे चक्र अखंड फिरत राहते आणि कोणीही काहीही मोजत नाही.

मराठी पर्याय शोधताना हा घोळ आणखी गडद होतो. पुष्कळजण या शब्दासाठी ‘अभिजात साहित्य’ असे लिहितात. ‘अभिजात’ म्हणजे व्युत्पत्तीने उच्च कुळात जन्मलेला. वस्तुतः हा शब्द ‘क्लासिक’ला प्रतिशब्द म्हणून रुळला, आणि ‘क्लासिक’चे मूळही फार वेगळे नाही. रोमन समाजात सर्वाधिक संपत्ती असलेल्या पहिल्या वर्गाचा तो निर्देश होता. दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने तो लेखकांना लावला, तोही ‘निर्धन’ लेखकाच्या विरोधात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला ‘अभिजात भाषा’ म्हणून मान्यता मिळाली, तिचे स्वागतच आहे. तेथे या शब्दाला प्राचीनतेचा पारिभाषिक अर्थ आहे. परंतु कॅननचे भाषांतर ‘अभिजात’ केले की आपण मोजण्याच्या जागी जन्म आणून बसवतो. ज्या समाजात माणसाची प्रतवारी जन्मावरून झाली, त्या समाजाच्या समीक्षकाने तरी हा शब्द इतक्या निष्काळजीपणे वापरू नये.

याउलट आपल्याजवळ एक नेमका शब्द आहे: मानदंड. मान म्हणजे माप, दंड म्हणजे काठी. ग्रीक ‘कानोन’चा तो अक्षरशः समानार्थी आहे. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच श्लोकात हिमालयाला पृथ्वी मोजण्याच्या काठीची उपमा दिली, तेव्हा हाच शब्द योजला. निकष या अर्थी ‘मानदंड’ आणि यादी या अर्थी ‘प्रमाणसूची’ असे दोन शब्द आपण कटाक्षाने वापरले तर निम्मा गोंधळ संपेल. काठी हे साधन आहे. ती कोणीतरी कापलेली असते, ती आखूड निघाली तर दुसरी कापता येते, आणि मुख्य म्हणजे ती कोणाच्याही हाती देता येते. जन्म हस्तांतरित होत नाही.

आता मूळ प्रसंगाकडे परत येऊ. तेथे ‘कॅनन’ हा योग्य उच्चार म्हणून ज्याचा आग्रह धरला गेला, ते उच्चारप्रमाण तरी कोठून आले? डॅनिएल जोन्स यांनी १९१७ साली इंग्रजी उच्चारांचा कोश सिद्ध केला. त्याला आधार होता दक्षिण इंग्लंडमधील, महागड्या निवासी शाळांत मुलांना धाडणाऱ्या कुटुंबांच्या बोलीचा. त्यांनी तसे मोकळेपणाने नमूदही केले होते. एका लहानशा वर्गाच्या सवयींची ती नोंद होती. पुढे तीच नोंद साऱ्या जगाला मोजपट्टी झाली. म्हणजे प्रमाण उच्चार हे स्वतःच एक कॅनन आहे, आणि पॉलिक्लिटसच्या पुतळ्यासारखेच घडलेले. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका याच प्रक्रियेविषयी होता: कोणाची रचना माप ठरते आणि कोणाची केवळ नमुना? प्राध्यापकांनी उत्तर दिले नाही असे आम्ही वर म्हटले, ते तितकेसे खरे नाही. तिला थांबवून त्यांनी त्या प्रक्रियेचे प्रात्यक्षिकच करून दाखवले.

हे इंग्रजीपुरतेही नाही. ‘आनी’, ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसण्याची परंपरा आमच्याकडे जुनी आहे. ‘न’ आणि ‘ण’ यांच्या पलीकडे तो काय म्हणतो आहे ते ऐकण्याआधीच त्याचे गाव आणि जात यांचा अंदाज बांधला जातो. बायबलच्या जुन्या करारात एक कथा आहे. युद्धात हरलेले एफ्राइमी लोक नदी ओलांडू पाहत होते. पहारेकरी प्रत्येकाला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावत. ज्याच्या तोंडून ‘श’ऐवजी ‘स’ निघे, त्याला तेथेच ठार करत. शब्दाचा अर्थ होता धान्याचे कणीस. त्या उतारावर अर्थाला किंमत नव्हती, शब्द फक्त शत्रू ओळखण्यापुरता होता. आपल्या चर्चासत्रांत कोणाला ठार मारत नाहीत, एवढीच सुधारणा.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येईल आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. मग उच्चार शिकवायचेच नाहीत काय? कोणी काहीही म्हणावे? नाही. तसे म्हणणे हीसुद्धा विद्यार्थ्यांची फसवणूकच आहे. ज्याच्या घरी इंग्रजी बोलली जाते त्याला उच्चार फुकट मिळतात. इतरांना ते वर्गातच मिळाले पाहिजेत, नाहीतर मुलाखतीच्या टेबलापलीकडे तोच पहारेकरी उभा असतो. जेथे ध्वनीबरोबर अर्थ बदलतो तेथे तर दुरुस्ती हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. ‘अल्यूजन’ म्हणजे दुसऱ्या साहित्यकृतीकडे केलेला सूचक निर्देश, ‘इल्यूजन’ म्हणजे आभास. ‘मॉरल’ म्हणजे नैतिक, आघात शेवटावर नेऊन म्हटलेले ‘मोराल’ म्हणजे मनोधैर्य. येथे एक स्वर चुकला तर वाक्य चुकते. परंतु ‘कॅनॉन’ म्हटल्याने त्या सभागृहात एकाही श्रोत्याचा अर्थाविषयी गैरसमज झाला नव्हता. उलट ‘कॅनन’ म्हटल्यावर तोफ की प्रमाणसूची हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. दुरुस्ती करायचीच, तर निबंध संपल्यावर, बाजूला बोलावून, आघाताचा नियम समजावून करता आली असती. दोन मिनिटांचे काम होते. शिकवणे आणि लाजवणे यांतला फरक कळण्यासाठी ध्वनिशास्त्र लागत नाही.

आणि तो प्रश्न, ज्याला उत्तर मिळाले नाही? तो फेटाळण्याजोगा नव्हता. मराठी कवितेची आपली प्रमाणसूची आकाशातून पडलेली नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी १८५४ साली जुन्या मराठी कवितांचे वेचे ‘नवनीत’ या नावाने काढले. त्या पुस्तकावर कित्येक पिढ्यांची कवितेची जाण पोसली गेली. ज्या कविता त्यात आल्या त्या ‘मराठी कविता’ झाल्या. १८८५ साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले, तेव्हा त्यांचा आक्षेप हाच होता की या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांचे जगणे नाही. ‘मानदंड’ हा शब्द न वापरता त्यांनी मानदंडावरच बोट ठेवले होते. इकडे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी सुरू केलेल्या संकलनात त्या लाखाहून अधिक आहेत, गाणाऱ्या बायांच्या आवाजासह. इतकी मोठी काव्यराशी ‘लोकसाहित्य’ या कप्प्यात ठेवली की ती कविता म्हणून मोजावी लागत नाही. तिच्यातून चालीरीतींची माहिती काढली की अभ्यास झाला. ओव्यांचा काळ ठरवणे कठीण, कर्तृत्व सामूहिक, पाठ सतत बदलता, या अडचणी खऱ्या आहेत. पण याच अडचणी संतांच्या गाथांपुढेही होत्या. तेथे आपण त्या सोडवायला बसलो, येथे त्या सबब म्हणून पुढे करतो.

बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या खानदेशी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. आज ती कविता पाठ्यपुस्तकांत आहे आणि प्राध्यापक ती ‘य’कारासह मोठ्या कौतुकाने वाचून दाखवतात. त्याच जिल्ह्यातली मुलगी त्याच ‘य’कारासह बोलायला उभी राहिली की त्याच वर्गात खसखस पिकते. कवितेत बोली म्हणजे सौंदर्य, विद्यार्थिनीच्या तोंडी बोली म्हणजे अशुद्धता. ज्या विभागात ही दोन मापे एकाच वेळी नांदतात, त्याने कॅननविषयी चर्चासत्र भरवू नये.

आमची मागणी मोठी नाही. वक्त्याने वापरलेल्या शब्दाचा अर्थ काय, हे विचारण्याची पाळी आली तर जरूर विचारा. वक्ता ‘कॅनन’ म्हणो की ‘कॅनॉन’, त्याला निकष अभिप्रेत आहे की यादी, हे स्पष्ट करून घ्या. तो प्रश्न कोणालाही कठीण जाईल, व्यासपीठावरच्यांनाही. उच्चारावर हसणाऱ्याला तेथल्या तेथे तोच प्रश्न करावा. आम्ही त्या दिवशी तो केला नाही.

वर ज्याचा उल्लेख आला त्या अवलोकितेश्वराच्या मूर्ती कान्हेरीला आणि औरंगाबादच्या लेण्यांत आहेत. चीनमध्ये त्याचे नाव गेले तेव्हा भाषांतरकारांनी ‘ईश्वर’ऐवजी ‘स्वर’ असा पाठ धरला आणि त्याचे नाव झाले ‘जगाचे स्वर जाणणारा’. दोन सारख्या शब्दांपैकी कोणता खरा, यावर अभ्यासक बोलत राहतील. त्या भाषांतरकारांना हाक ऐकणारा देव मिळाला. आमच्या सभागृहात त्या दिवशी शंभरेक कान होते, आणि ऐकला गेला तो फक्त एक ‘ऑ’.